मदत हवी आहे: नोकरी अजून आहे, पण पहाटे तीनला धडधडून जाग येते

नमस्कार मंडळी,

मी ४१ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत. प्रोजेक्ट संपला आणि बेंचवर आलो, म्हणजे नवं काम मिळेपर्यंत नुसता बसून, त्याला आज ३७ दिवस झाले. आमच्याकडे कुणाला काढायचं असलं की एचआरकडून विषय न लिहिलेलं मीटिंगचं निमंत्रण येतं. शेजारी बसणारा मित्र असाच गेला. तेव्हापासून लॅपटॉपवर मेसेजचा आवाज झाला तरी पोटात गोळा येतो.

तीन आठवडे झाले, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते. छातीत धडधड, तळहातांना घाम, बोटांना मुंग्या. पहिल्यांदा झालं तेव्हा बायकोने रात्रीच दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला कळलेलं नाही.

पगार जाईल याची भीती आहेच, पण घराच्या सहा हप्त्यांचे पैसे बाजूला आहेत. सोसत नाही ते हे लटकणं. एकदाचं काढून टाकलं तर बरं, असंही मनात येतं आणि मग त्या विचाराचीच धास्ती बसते. आई साताऱ्याला असते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, ‘ऑफिस कसं चाललंय?’ मी ‘मजेत’ म्हणतो आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास सुन्न बसतो.

हे कुणी अनुभवलंय का? पहाटे त्या क्षणी काय करता? समुपदेशक गाठू की मानसोपचारतज्ज्ञ? आणि आईला सांगू का?

प्रतिसाद १

दादा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझा पगार निम्म्यावर आला होता, तेव्हा हेच व्हायचं. शरीर समोर वाघ असल्यासारखं ॲड्रेनलिन सोडतं, म्हणून धडधड आणि घाम. श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच मुंग्या येतात. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि उतरू लागते. तेवढा वेळ मी श्वास आत घेताना लागतो त्यापेक्षा बाहेर सोडताना जास्त वेळ लावायचे. झोप येईना तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे. मनगटावरच्या घड्याळात ठोके बघणं मात्र बंद करा, बघितलं की ते वाढतातच.

संध्याकाळी सहाला वहीत सगळ्या काळज्या लिहायचे. रात्री एखादी डोकावली की ‘उद्या सहाला’ म्हणायचं. पहिले आठ-दहा दिवस अजिबात जमलं नाही, नंतर जमलं. दुपारी चारनंतरचा चहाही सोडला.

एक नक्की: चालताना, जिना चढताना छातीत दुखलं किंवा कळ जबड्याकडे, हाताकडे गेली, तर हे मनाचंच असेल म्हणून घरी थांबू नका.

प्रतिसाद २

मी समुपदेशक आहे. आज रात्रीच बोलावंसं वाटलं तर १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार आले तर पहाटेची वाट बघू नका.

तीन आठवडे झोप मोडलीय, तर एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. औषध ते लिहू शकतात, आम्ही समुपदेशक नाही. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही. लागल्या, तर चिंतेवर नेहमी देतात त्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. ओळखीतल्या कुणाची झोपेची गोळी घेऊ नका, त्यातल्या काहींची सवय लागते.

आईंना सांगा. रोज ‘मजेत’ म्हणण्यात तुमची बरीच ताकद जातेय.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. १४४१६ ला परवा रात्री बोललो, वीस मिनिटं. काल आईला सांगितलं. तिने पहिलं विचारलं, ‘हप्ता किती तारखेला असतो?’ मग म्हणाली, शनिवारच्या एसटीने येते.

सोमवारी सव्वाअकराची डॉक्टरांची वेळ मिळालीय. पहिल्या भेटीत काय काय विचारतात? बायकोला सोबत आत नेता येतं का?