मानसिक आजारावर संशोधन: एमएसडब्ल्यूनंतर वाट आहे का?

सातारकर_मुलगी: एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) संपत आलंय. मावशीला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, पण तपासणीत विचारतात ते एवढंच, "आवाज येतात का?" तिचं जगणं कसं चाललंय यावर संशोधन करता येतं का? घरचे म्हणतात, त्यात पोट भरणार नाही.

मीराताई: नक्की येतं गं, मी तेच करते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरच्या 'कोप्सी' या अभ्यासाबद्दल वाच, २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोवा, तमिळनाडू आणि तुझाच सातारा! २८२ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाच्या घरी गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते जायचे, १२ महिन्यांनी त्या गटात अक्षमता, म्हणजे रोजच्या जगण्यातली अडचण, दुसऱ्या गटापेक्षा कमी दिसली.

जीवनमान मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात: झोप, पैसा, नाती. पण नुसत्या खुणा करून उठू नकोस. एक बाई प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे" म्हणत होत्या. कागद मिटल्यावर म्हणाल्या, "माझा कप वेगळा ठेवतात." मला तो कप कुठल्याच रकान्यात बसवता येईना. म्हणून मी मुलाखतींकडे वळले.

पगाराचं खरं सांगते, प्रकल्प संपला की नोकरीही संपते. घरच्यांची काळजी अगदीच चुकीची नाही.

नाशिकचा_अमोल: बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकार समाजकार्याचं शिक्षण आहे, तेही बघ.

सातारकर_मुलगी: ताई, आभार! मावशीशीच बोलून सुरुवात करू का?

मीराताई: अभ्यास म्हणून नको. तिच्याकडे भाची म्हणूनच जा.