लोकलमधली स्केचेस आहेत तशी टाकायची का, आणि पेन टॅबलेटवर रंग मेलेले का दिसतात?

डोंबिवली_खिडकी

नमस्कार मंडळी, मी काही शिकलेली आर्टिस्ट नाही, फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली, मग दहावी आली आणि रंगपेटी माळ्यावर गेली ती वीसेक वर्षं तिथेच राहिली. दोन वर्षांपूर्वी परत सुरू केलं, ते पण लोकलमध्ये. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन येऊन रोजचे दोन तासांच्या वर जातात, खिडकी मिळाली की वही काढते. ए-५ साइजच्या सहा वह्या भरल्यात. बहुतेक लेडीज डब्यातलंच आहे सगळं, परतीच्या गाडीत भाजी निवडणाऱ्या बायका, मांडीवर डोकं टेकून झोपलेली शाळेतली पोर, कडीला धरलेले हात. हात सगळ्यात जास्त काढलेत, कारण हात कोणाचे आहेत ते कळत नाही आणि ते जरा वेळ तरी एका जागी राहतात.

आता विचारायचंय ते असं की ही स्केचेस ऑनलाइन टाकावीत असं खूप मनात आहे, पण गाडी हलते म्हणून रेषा तुटक आहेत, अर्धी चित्रं ठाण्याला ती बाई उतरली म्हणून अपुरी राहिलीत. ऑफिसातली मैत्रीण म्हणते आधी नीट फिनिश कर मग टाक. म्हणून दिवाळीत मावसभावाकडून त्याचा जुना पेन टॅबलेट घेतला, स्क्रीन नसलेला, लॅपटॉपला वायरने जोडायचा. क्रिटा टाकलं, चित्र काढायचं सॉफ्टवेअर. महिना झाला रोज रात्री बसतेय आणि कागदावर जे सहज येतं ते इथे येतच नाहीये, हात खाली आणि नजर वर, रेषा थरथरते, वर्तुळ काढलं तर चक्क अंडं होतं. रंग भरले की चित्र मेल्यासारखं दिसतं, वहीतल्या साध्या पेनाच्या रेघांमध्ये जीव आहे आणि रंगवलेल्यात नाही. मला खरंच शिकायचंय हे. कुठून सुरुवात करू?

---

शाईचे_डाग

ताई, आधी अंड्याचं सांगतो, कारण त्यात तुमची काहीच चूक नाहीये. टॅबलेटचा आकार आणि लॅपटॉपच्या स्क्रीनचा आकार यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं असेल ना, तर तुम्ही हाताने काढलेलं अगदी गोल वर्तुळ स्क्रीनवर ताणलं जातं. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे तो लॅपटॉपवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जा, तिथे मॅपिंग किंवा प्रपोर्शन असं काहीतरी असतं, ते स्क्रीनच्या प्रमाणात करून टाका. टॅबलेटची थोडी पट्टी वाया जाईल, जाऊ दे. हे न करता महिनाभर सराव केलात म्हणजे हाताला चुकीचीच सवय लावत होतात, आज रात्रीच बदला.

दुसरं, पेन दाबलं की रेष जाड होतेय का बघा. होत नसेल तर क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये टॅबलेट सेटिंग्ज आहे, तिथे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय दिसतील, एकावर चालत नसेल तर दुसरा निवडायचा आणि प्रोग्रॅम बंद करून परत चालू करायचा. रेष मेलेली दिसते त्याचं अर्धं कारण बऱ्याचदा हेच असतं, सगळीकडे एकसारखी जाडी, मग ती वायरीसारखी दिसते.

थरथरीचं म्हणाल तर वहीत तुम्ही मनगटाने काढता, ए-५ ला तेवढं पुरतं. टॅबलेटवर कोपरापासून हात फिरवावा लागतो आणि रेष जरा वेगात ओढावी लागते, हळू ओढली की थरथरणारच. ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, तो थोडा लावा, पण फार वाढवू नका नाहीतर रेष तुमची राहत नाही, गुळगुळीत होऊन जाते आणि तुमच्या लोकलच्या रेषांची मजाच ती आहे की त्यात गाडी हलतेय. कॅनव्हास फिरवायला ४ आणि ६ ची बटणं, सरळ करायला ५, आणि एम दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. हे एम दर दहा मिनिटांनी दाबा. चेहरा वाकडा गेलेला असेल तर तिथल्या तिथे कळतं, कागदावर आपण हेच करायला वही आरशासमोर धरायचो.

मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं करतो, नऊ वर्षं झाली, आणि पहिले दोन-तीन महिने माझाही हात आणि डोळा भांडतच होते. नवीन चित्र काढायला बसूच नका सुरुवातीला. वहीतलं स्केच आत घ्या, त्याचा लेअर (लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर) मल्टिप्लाय मोडवर टाका आणि खाली दुसऱ्या लेअरवर रंग लावा. तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात म्हणून सांगतो, मल्टिप्लाय म्हणजे खरोखर गुणाकार आहे, पांढरा म्हणजे १ आणि काळा म्हणजे ०. खालच्या रंगाला १ ने गुणलं तर तो तसाच राहतो, म्हणून कागदाचा पांढरा भाग गायब होतो, आणि शाईची रेष शून्याजवळ म्हणून काळी राहते. तुमची रेष कागदावरचीच राहील, रंग तेवढे डिजिटल.

---

नवा_ब्रश

ताई खरं सांगू का, बजेट असेल तर आयपॅड आणि त्यावरचं चित्रं काढायचं अॅप प्रोक्रिएट घ्या, स्क्रीनवरच काढायचं त्यामुळे हात-नजरेचा प्रॉब्लेमच नाही, प्रोक्रिएट एकदाच विकत घ्यायचं, दर महिन्याला पैसे नाहीत. मी अॅनिमेशन शिकतोय, वर्गात अर्ध्याहून जास्त पोरं त्यावरच आहेत, ट्रेनमध्ये पण नेता येतं.

---

शाईचे_डाग

@नवा_ब्रश वस्तू चांगली आहे, वादच नाही. पण आयपॅड, वर पेन्सिल वेगळी, तेवढे पैसे घालण्याआधी ताईंना हे काम आवडतंय का ते तर कळू दे. आणि संध्याकाळच्या डोंबिवली गाडीत ते बाहेर काढून बसायचं म्हणजे अर्धं लक्ष चित्रात आणि अर्धं ते सांभाळण्यात. वही पडली तर उचलता येते. स्क्रीन नसलेल्या टॅबलेटवर एकदा हात बसला की मान वाकवावी लागत नाही, हा फायदा मला आता चाळिशीजवळ फार कळतो.

---

खडू_फळा

मी गिरगावात शाळेवर चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. डिजिटल मी साठी ओलांडल्यावर शिकलो, नातीच्या जुन्या टॅबलेटवर, त्यामुळे बटणांचं वरच्यांनी सांगितलंय तेच ऐका, मी रंगांबद्दल बोलतो.

तुम्ही इंटरमिजिएट दिलीय म्हणजे पोस्टर कलर वापरलेत. ते आठवा. पुष्कळ जण डिजिटलला जलरंगासारखं वागवतात आणि तिथेच फसतात. जलरंगात उजेड हा कागदाचा असतो, आपण कागद राखून ठेवतो, पातळ थर देतो आणि खालचा पांढरा त्यातून चमकतो. स्क्रीनवर तसा कागदच नाही. तिथला पांढरा हाही एक लावलेला रंगच आहे. पोस्टर कलरमध्ये आपण कसं करायचो, आधी मधला टोन, म्हणजे फार गडद नाही आणि फार फिका नाही असा, सपाट भरायचा, मग त्यावर गडद, आणि शेवटी उजेडाचे तुकडे वरून ठेवायचे, चुकलं तर झाकून टाकायचं. अगदी तस्संच करा. कॅनव्हास पांढरा ठेवून सुरुवात करू नका, एखादा मधला मातकट किंवा करडा रंग आधी भरून घ्या, मग उजेड आणि सावली दोन्ही दिसायला लागतात. पांढऱ्यावर लावलेला प्रत्येक रंग जास्त गडद वाटतो, म्हणून हात आखडतो आणि सगळं चित्र फिकट होत जातं.

मेलेले रंग का, तर माझा अंदाज असा की सावलीसाठी तुम्ही त्याच रंगात काळा मिसळताय. वर्गातली निम्मी मुलं हेच करायची. सावलीला स्वतःचा रंग असतो हो. तुमच्याच डब्यात बघा, खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड थंड असतो आणि संध्याकाळी तोच नारिंगी होतो, समोरच्या बाईने पिवळी ओढणी घेतली असेल तर तिच्या हनुवटीखालच्या सावलीत पिवळा चढलेला दिसतो. ते एवढंसं पिवळं टिपलंत की चेहरा जिवंत. उद्या गाडीत रंग लावू नका, नुसतं बघा आणि स्केचच्या शेजारी शब्दात लिहून ठेवा, ‘हनुवटीखाली पिवळं’, ‘कडीवर निळसर’, रात्री घरी त्यावरून रंगवा. आपल्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असायचा तो याच्यासाठीच होता, पण मुलं घोकून आणलेली बैलगाडी काढायची, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि रंगांच्या आधी टोन तपासा. चित्राच्या सगळ्यात वर एक लेअर घ्या, तो पूर्ण काळा भरा आणि त्याचा मोड कलर करा, खालचं सगळं चित्र कृष्णधवल दिसेल. त्या लेअरच्या नावाशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून तो चालू-बंद करत राहा. कृष्णधवलमध्ये जर साडी, सीट आणि हात एकाच करड्यात मिसळून गेले तर कितीही सुंदर रंग लावा, चित्र उठणार नाही.

अपुऱ्या स्केचबद्दल तुमच्या मैत्रिणीचं मला अजिबात पटलेलं नाही. २०१८ साली इथे मुंबईत एनजीएमएला, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार एम. व्ही. धुरंधरांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. १९ व्या शतकात जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे तिथेच आयुष्यभर शिकवलेला माणूस, आणि मोठ्या तैलचित्रांइतकाच वेळ मी त्यांच्या छोट्या स्केचेसपुढे उभा होतो. बाई ठाण्याला उतरली म्हणून चित्र जिथे थांबलं तिथेच ते खरं आहे. पुरं करायला जाल तर उरलेला भाग तुम्ही कल्पनेने भरणार आणि तो बघितलेल्या भागाशी जुळणार नाही.

---

रविवारची_वही

काकांना पूर्ण अनुमोदन. मी दर रविवारी बाहेर बसून काढते, कधी बाणगंगा, कधी राणीचा बाग, कधी काळा घोड्याला जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं लावून बसतात तिथे. ऑन लोकेशन स्केचिंग करणाऱ्या लोकांची अर्बन स्केचर्स म्हणून जगभर चळवळ आहे, २००७ मध्ये सिएटलमधल्या एका पत्रकार-चित्रकाराने सुरू केलेली, त्यांचं म्हणणंच असं की समोर बघून काढा, जागेशी आणि वेळेशी प्रामाणिक राहा. लोकलचा डबा ही त्याच्याहून वेगळी जागा थोडीच आहे. तेव्हा कोपऱ्यात तारीख आणि स्टेशन लिहा, ‘कळवा ते मुंब्रा’ एवढं लिहिलं तरी बघणाऱ्याला कळतं की हे चित्र किती मिनिटांचं आहे.

फोटो काढायची पद्धत मात्र बदला, कारण बहुतेकांची स्केचेस तिथेच मरतात. रात्री ट्यूबलाइटखाली काढू नका, वहीवर स्वतःचीच सावली पडते. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन नको, वही सपाट ठेवायची, फोन अगदी समांतर, आणि जवळ न जाता थोडं लांबून झूम करून, नाहीतर पानाच्या कडा फुगतात. नंतर लेव्हल्समध्ये, म्हणजे फोटोचा उजेड-काळोख बदलायच्या पट्टीवर, पांढरं टोक थोडं आत आणि काळं टोक थोडं आत. कागद पांढराफेक करू नका, कागदाचं पोत राहू द्या. रंगवायचं असेल तर मात्र स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून ३०० डीपीआयला स्कॅन करून घ्या, ए-५ पान साधारण १७४८ बाय २४८० पिक्सेल येतं, जुन्या लॅपटॉपला पण झेपतं. ऑनलाइन टाकताना मोठी बाजू १५०० च्या आसपास ठेवा आणि सही चित्राच्या आत करा, कोपऱ्यात केली तर कोणीही कापून टाकतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी बोलते. लेडीज डबा आहे, बायका तिथे निर्धास्त झोपतात. चेहरा ओळखू येत असेल तर मी ते चित्र स्वतःपुरतं ठेवते, किंवा बाई जागी असेल तर सरळ दाखवते. आत्तापर्यंत एकीनेच नको म्हटलंय, ते पान मी कधीच टाकलं नाही. फोटो काढून घरी त्यावरून रंगवणं तर अजिबात नाही. तुम्ही हात काढता ते यासाठी पण फार चांगलं आहे.

---

डोंबिवली_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री आधी मॅपिंग बदललं, वर्तुळ गोल आलं, मी नवऱ्याला उठवून दाखवलं. पेनाचा दाब पण चालत नव्हता, दुसरा पर्याय निवडल्यावर सुरू झाला, म्हणजे महिनाभर मी एका जाडीच्या रेषेने झगडत होते.

काकांनी सांगितलेला काळा लेअर लावून जुनं एक चित्र बघितलं, मेथी निवडणाऱ्या बाईचं. मेथी, पदर आणि पिशवी तिन्ही एकच करडं! हिरवा, जांभळा, लाल असे तीन वेगळे रंग लावले होते म्हणून मला वाटत होतं ते वेगळे आहेत. मग पिशवी दोन पायऱ्या गडद केली आणि बोटांवर खिडकीचा उजेड ठेवला, बाकी कशाला हात लावला नाही. पहिल्यांदा ती बोटं पुढे आली.

आज सकाळी गाडीत रंगांचे शब्द लिहिले. मुंब्र्याच्या बोगद्यात शिरल्यावर सगळ्यांच्या सावल्या एकदम उलट्या बाजूला जातात, खिडकीचा उजेड जातो आणि वरच्या दिव्यांचा उरतो, इतकी वर्षं जातेय येतेय आणि हे बघितलंच नव्हतं. एकच बाई, बोगद्याच्या आधी आणि बोगद्यात, अशी दोन छोटी चित्रं एका पानावर काढलीत, हातच फक्त. रविवारी सकाळी खिडकीत फोटो काढून इथेच टाकते, तारीख आणि स्टेशन लिहून. काका, बोगद्यातल्या दिव्यांच्या उजेडात सावली थंड घ्यायची की कातडीच्याच रंगाकडे झुकवायची, तेवढं सांगाल का?

---

खडू_फळा

आधी तुम्ही काय बघितलंत ते सांगा. पानावर शब्द कोणता लिहिलाय?

---

डोंबिवली_खिडकी

‘मनगटाखाली विटकरी’ असं लिहिलंय.

---

खडू_फळा

मग विटकरीच घ्या.