विषय: आई-बाबांचा मुक्काम वाढवावा की परत पाठवावं?

औसा, सध्या डॅलस:

नमस्कार मंडळी,

घाई आहे म्हणून सरळ विचारतो. आई-बाबांची आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहायची मुदत, १८ नोव्हेंबरला संपते. ताईची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. आई म्हणायली, लेकीचं बाळंतपण तोंडावर असताना मी विमानात बसू का? बाबा म्हणायलेत, सोयाबीनची रास झाली की हरभरा पेरायचा, बटईदाराच्या भरवशावर किती सोडायचं. २०२५च्या सप्टेंबरातल्या पावसात आमचं ओढ्याकडचं रान खरडून गेलं, तेव्हापासून त्यांचा जीव तिथंच अडकलाय. व्हिसा दहा वर्षांचा आहे, तो मला बिघडवायचा नाही. दोघांचा एकत्र अर्ज करावा की कुणाचाच करू नये? ज्यांनी केलाय त्यांनी सांगा.

प्लॅनोचे काका:

अरे बाळा, व्हिसावरची तारीख आणि आय-९४ची तारीख यांचा संबंध नाही. तू आय-९४च धरलीस ते बरोबर. मुदत वाढवायचा फॉर्म आय-५३९. तो १८ नोव्हेंबरच्या आत पोचला पाहिजे, आणि निदान ४५ दिवस आधी भरा असं त्यांचं सांगणं आहे, म्हणजे तुझ्या हातात ४ ऑक्टोबरपर्यंतचा वेळ. एप्रिल २०२४पासूनची फी ऑनलाइन ४२० डॉलर, कागदावर ४७०. बोटांच्या ठशांचे ८५ डॉलर वेगळे घ्यायचे, ते बंद झाले. नवरा-बायको एका अर्जात बसतात, दुसऱ्याचा आय-५३९ए जोडायचा.

वेळेत अर्ज गेला की निकाल येईपर्यंत राहता येतं. तोवरचे दिवस बेकायदा धरत नाहीत. पण १८ तारखेनंतर नकार आला तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू, तो व्हिसाही गेला असंच समज. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं येता येत नाही, वर्ष भरलं तर दहा. म्हणून तिकीट असं काढ की दोन दिवसांत बदलता येईल.

उदगीर, सध्या ह्यूस्टन:

एवढं कशाला करायलास? चार दिवस टोरांटोला नेऊन आण. परत येताना नवे सहा महिने मिळतात. आमच्या ओळखीत एकांनी केलंय.

प्लॅनोचे काका:

हे कृपा करून कुणी करू नका. एक तर भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. दुसरं, कॅनडातून तीस दिवसांच्या आत परत आलं की बहुतेक वेळा जुनीच तारीख चालू राहते. नवे सहा महिने द्यायचे की नाही हे खिडकीवरचा अधिकारी ठरवणार, आणि त्याने उलटतपासणी सुरू केली तर सत्तरीच्या माणसाने तिथे काय उत्तरं द्यायची? एकाचं जमलं म्हणून सगळ्यांना सांगायची ही गोष्ट नव्हे.

न्यू जर्सीच्या काकू:

कारण काय लिहायचं यावर मी बोलते, कारण तिथेच लोक चुकतात. "नात सांभाळायला आई हवी" असं लिहू नकोस. वाचणाऱ्याला ते आयाचं काम वाटतं, आणि पाहुण्याच्या व्हिसावर काम चालत नाही. काही जण दुसऱ्या टोकाला जातात, आईची गुडघेदुखी पुढे करून डॉक्टरची चिठ्ठी आणतात. तेही नको. खोटं सापडलं तर कायमची बंदी येऊ शकते. जे आहे तेच लिही: लेकीच्या बाळंतपणाला आईला जवळ राहायचंय, अमुक तारखेला परत जाणार, हे तिकीट, घर-शेत तिकडे आहे, खर्च मुलगा करतो, हे त्याचं बँक स्टेटमेंट. सातबाऱ्याचा उतारा जोड, त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणपत्रासह लागतं. आणि सहा महिने मागता येतात म्हणून सहा मागू नकोस. लागतात तेवढेच माग.

जालना, सध्या शिकागो:

सगळे व्हिसाचं बोलायलेत, कराचं कुणीच नाही. दर वर्षी हा मेल मलाच लिहावा लागतो, तरी लिहिते.

पाहुणा म्हणून आलेल्याचेही दिवस आयआरएस, म्हणजे इथलं कर खातं, मोजतं. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्यांचा तिसरा हिस्सा, त्याआधीच्यांचा सहावा. बेरीज १८३ झाली की तो माणूस करापुरता इथला रहिवासी. आई-बाबा १९ मेला आले असतील तर तिथपासून १७ नोव्हेंबरपर्यंत मोजून बघ, येण्याजाण्याचे दिवस धरून बरोबर १८३ भरतात. १४ला निघाले तर १८०. म्हणजे मुक्काम न वाढवताही शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात तर रेषा ओलांडली. आई ३१ डिसेंबरपर्यंत राहिल्या तर २२७. यंदाचे दिवस १८३च्या खाली असतील आणि जुन्या वर्षांमुळं बेरीज वाढत असेल तर फॉर्म ८८४० भरून सुटका मागता येते. २२७ला तो रस्ता बंद.

रहिवासी ठरलं म्हणजे लगेच कर भरावा लागेल असं नाही, पण तिकडचं उत्पन्न दाखवावं लागतं. शिवाय वर्षात कधीही भारतातल्या खात्यांची एकूण रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. बाबांसोबत जोडखात्यात आईंचं नाव असेल, एफडी असेल, ती सगळी रक्कम आईंच्याही बाजूला मोजतात. लातूरच्या एका बँकेतल्या साध्या मुदत ठेवीनं हा आकडा ओलांडतो. बाळंतपण सोडा असं मी म्हणत नाही. फक्त हे माहीत असून ठरवा, आणि मार्चमध्ये सीए शोधत फिरू नका.

सेलू, सध्या सिएटल:

हरभरा कोरडवाहू की पाण्याखाली? यावरच सगळं अवलंबून आहे. कोरडवाहू असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या पुढं ओल राहत नाही, बाबा नोव्हेंबरात जाऊन काय पेरणार? पाणी असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतं. आम्ही परभणीच्या विद्यापीठाचं बियाणं आणतो, ट्रायकोडर्मा चोळल्याशिवाय पेरत नाही, नाहीतर मर रोग धरतो. बटईदार बीजप्रक्रिया करत नाही, पोतं फोडतो आणि तिफणीत ओततो. त्याला खर्च अर्धा, त्यामुळं कष्टही अर्धे. मालक बांधावर असला की रान वेगळं पिकतं. बाबांचं म्हणणं मला पटतं.

उदगीर, सध्या ह्यूस्टन:

सगळे बटईदार तसे नसतात दादा. आमचा वीस वर्षांपासून करायलाय, आमच्यापेक्षा जास्त जपतो. ई-पीक पाहणीसुद्धा तोच आठवण करून देतो. मात्र फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, इथून होत नाही, तेवढं खरं.

अंबाजोगाई, सध्या अटलांटा:

भाऊ, तुम्ही "दोघांचा अर्ज" म्हणताय, पण तुमच्याच मेलमध्ये दोघांची इच्छा दोन दिशांना आहे. मग एकत्र कशाला बांधायचं? आय-५३९ एकट्या आईंचा करता येतो. बाबा आपल्या वेळेवर जाऊ देत.

आणि आईंशी निवांत बोला, ताईंसमोर नाही. माझ्या सासूबाई अशाच थांबल्या होत्या. आम्ही दोघं कामावर, त्या दिवसभर घरात. बाहेर पायी जाण्यासारखं काही नाही, बोलायला शेजार नाही, थंडीत दार उघडायची सोय नाही. दुपारी तीनला त्या अंबाजोगाईला फोन लावायच्या, तिकडे मध्यरात्र उलटलेली. घंटा वाजत राहायची. लेकीसाठी बाई काहीही सोसते, म्हणून तिला किती दिवस झेपतील हे तिच्याच तोंडून येऊ द्या.

आरोग्य विमा १८ तारखेला संपत असेल तर संपायच्या आधी वाढवा. खंड पडून नवा घेतला की मधल्या काळात निघालेलं दुखणंही "जुना आजार" होतं. बीपीच्या गोळ्या किती उरल्यात ते मोजा. बाबा गेले की पुढच्या गोळ्या पाठवायला तिकडे माणूस आहे, पण पार्सल कस्टम्समध्ये अडकू शकतं. इथल्या डॉक्टरची एक भेट आताच घेऊन ठेवलेली बरी.

मंडळाचे सचिव:

एक विनंती. इथली मतं सभासदांची आहेत, मंडळाची नाहीत, मंडळ कायद्याचा सल्ला देत नाही. अर्ज पाठवायच्या आधी वकिलाला दाखवावा. बियाण्याची चर्चा कृपया दुसऱ्या विषयाखाली करावी. दसऱ्याच्या जेवणाची यादी अजून अर्धी रिकामी आहे, पुरणपोळीसमोर चार नावं आणि वरणभातासमोर एकही नाही.

सेलू, सध्या सिएटल:

सचिव साहेब, बियाण्याचा विषय इथलाच आहे. माणूस परत का जातो ते त्यातच आहे. वरणभात माझ्या नावावर लिहा, दसऱ्याला मी डॅलसलाच आहे.

औसा, सध्या डॅलस:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आधी बाबांशी, मग आईशी बोललो.

विहिरीला पाणी आहे, त्यामुळं हरभरा बागायतीच. बाबा दसरा करून लगेच निघतील. पेरणीही गाठतील आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला बँकेत जाऊन स्वतः देतील, त्यांना दुसरा मार्ग नकोच आहे. १८३चा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

आई म्हणाली, सव्वा महिना झाला की एक दिवस जास्त थांबणार नाही. यंदा अधिक महिन्यामुळं वेळ अमावस्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलीय, ती चुकणार याचं तिला फार वाईट वाटतंय. लग्न झाल्यापासून शेतातल्या कोपीपुढची भज्जी आणि आंबील तिनंच केलीय. धाकट्या काकूला फोनवर सगळं सांगून झालं, आंबिलाचं ताक कधी लावायचं इथपर्यंत. तिच्या एकटीचा अर्ज करतोय, मागणी जानेवारीअखेरपर्यंतची, कारण काकूंनी सांगितलं तसंच लिहिलंय. बदलता येणारं तिकीट २४ जानेवारीचं धरलं. निकाल आधी आला आणि नकार असला तर त्याच आठवड्यात निघायचं, हे तिला आणि ताईला दोघींना स्पष्ट सांगितलंय. निकाल न येताच निघाली तर पावती आणि बोर्डिंग पास जपून ठेवू. दोघांच्या नावावर एफडी आहेत, त्यामुळं एफबार येणार. जालन्याच्या ताई, तुम्हाला वेगळा मेल करतो.

आता एकच अडचण. बाबांना हैदराबादमार्गे पाठवायचंय, तिथून औसा मुंबईपेक्षा जवळ. विमान बदलताना त्यांची धांदल होते, व्हीलचेअर सांगितली तरी ते बसत नाहीत. २१ ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यान डॅलसहून हैदराबादला कुणी जाणार असेल तर कृपया कळवा, त्याच विमानाचं तिकीट काढतो.