मदत हवी आहे: गुळाच्या पट्टीचा जुना कोड, रिफॅक्टरिंग कुठून सुरू करू?

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं बिलिंगचं सॉफ्टवेअर माझ्याकडे सांभाळायला आलंय. पीएचपीत आहे, चालतंय, पण हात लावायला भीती वाटते. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, काढणारं फंक्शन एकच: रव्यांचं (गुळाच्या ढेपांचं) वजन, सौद्यातला दर, हमाली, तोलाई, उचल वजा, डेटाबेसमध्ये नोंद आणि छपाईसुद्धा त्यातच. हमाली-तोलाईचा हिशेब तीन ठिकाणी कॉपी केलाय. एका कॉपीत प्रत्येक ओळ राउंड होते, दुसरीत फक्त एकूण रक्कम. त्यामुळं पट्टी आणि खतावणीत पैशांचा फरक पडतो. जुलै 2022 मध्ये पॅक करून लेबल लावलेल्या गुळावर 5 टक्के जीएसटी आला, तेव्हा 0.05 थेट कोडमध्येच लिहून टाकलंय.

रिफॅक्टरिंगचा, म्हणजे उत्तर न बदलता कोडची मांडणी सुधारायचा, माझा बेत असा: जुन्या पट्ट्यांचे आकडे घेऊन आज जे उत्तर येतं तेच तपासणाऱ्या टेस्ट आधी लिहायच्या, मग हिशेब वेगळ्या फंक्शनमध्ये काढायचा. पण फंक्शन चालवलं की नोंद पडतेच. मग टेस्टमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून रोलबॅक करावं (म्हणजे पडलेली नोंद मागे घ्यावी), की टेस्टशिवायच आधी हिशेबाचा तुकडा बाहेर काढावा? आणि राउंडिंगचा फरक सध्या आहे तसाच ठेवावा का? उत्तर बदललं तर ते रिफॅक्टरिंग राहत नाही, हे पटतं. पण हा शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे.

सगळं नव्यानं लिहायचा सल्ला नको, हंगाम तोंडावर आलाय. हिशेबाच्या जुन्या कोडवर असं काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.