पाच वर्षांच्या लेकीचं पहिलं संगीत नाटक: सौभद्र दाखवू की बालनाट्य?

शाहूपुरीची आई

नमस्कार. आमची लेक पाच वर्षांची आहे. गाण्याचा नाद इतका की वेणी घालतानाही गप्प बसत नाही. सासूबाई सकाळी नाट्यगीतं लावतात, त्यातली दोन-तीन तिला अर्धीमुर्धी पाठ झालीत. शब्द काहीतरीच म्हणते, पण चाल पक्की. तिला रंगमंचावर गाणारी माणसं एकदा बघायला मिळावीत असं फार वाटतंय.

पुढच्या महिन्यात दोन पर्याय आहेत. सांगलीला हौशी मंडळींचं संगीत सौभद्र, संध्याकाळी पाच वाजता. आणि इचलकरंजीत एक बालनाट्य, गाणी-नाच भरपूर, पण त्यात चेटकीण आहे. आमच्या कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह चालू असतं तर एवढा विचारच केला नसता. घरापासून रिक्षानं दहा मिनिटं, पोर कंटाळलं की उठून घरी. पण ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीनंतर नाटकासाठी गाव सोडूनच जावं लागतंय, आणि गाडी करून जायचं तर निवड नीट करावी असं वाटतं.

हे म्हणतात, "पाच वर्षांचं पोरगं तीन तास पदं ऐकत बसतंय होय?" सासूबाई म्हणतात, त्या तिच्याएवढ्या असताना वडिलांच्या मांडीवर बसून पॅलेस थिएटरात, म्हणजे याच केशवराव भोसले नाट्यगृहात, बघायच्या. माझी अडचण वेगळीच आहे. मागं एकदा सिनेमाला नेलं होतं. अंधार झाला आणि एकदम मोठा आवाज आला, तशी ती रडायला लागली. तेव्हापासून "अंधार हाय काय तिथं?" हा प्रश्न आधी येतो. नाटकालाही तसंच झालं तर ती पुन्हा नाव काढणार नाही, ही भीती आहे.

ज्यांनी लहान मुलांना नेलंय त्यांनी सांगा. कोणतं निवडू? आणि जायच्या आधी तिची काही तयारी करून घ्यावी का?

---

गंगावेशचा बाबा

ताई, डोळे झाकून बालनाट्य. आमच्या पोराला सहाव्या वर्षी रत्नाकर मतकरींचं अलबत्या गलबत्या हे बालनाट्य दाखवलं. सगळं थिएटर चेटकिणीशी भांडत होतं, आणि आमचा खुर्चीवर उभा राहून राजकन्येला सावध करत होता. नंतर दोन आठवडे घरात "किती गं बाई मी हुशार" चालू. मुलांना ओरडायला मिळणं हीच निम्मी मजा आहे, आणि ती संगीत नाटकात कुठली मिळायला?

फक्त एक. बरोबर बहिणीची मुलगी होती, चार वर्षांची. चेटकीण आली की ती माझ्या काखेत डोकं खुपसायची. तुमची लेक अंधाराला भीत असेल तर आधी मोबाईलवर चेटकिणीचं काम करणाऱ्या नटाचा मेकअप चालू असलेला व्हिडिओ दाखवा. ही भूमिका पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली होती, २०१८ ला नाटक परत आलं तेव्हा वैभव मांगलेंनी केली. तुम्ही म्हणताय ते नाटक कोणतं माहीत नाही, पण चेटकीण म्हणजे आत एक काका आहेत हे कळलं की पोरं निवांत होतात.

सौभद्र ती दहा वर्षांची झाली की बघेल की.

---

ऑर्गनवाल्या काकू

अगं, तू तुझ्या लेकीचं जे लिहिलंयस त्यावरून मी सौभद्रच म्हणेन. गंगावेशच्या दादांचं म्हणणं खोटं नाही, त्यांच्या मुलाला जे आवडलं ते खरंच आवडण्यासारखं आहे. पण प्रत्येक पोराची नस वेगळी.

मी मंगळवार पेठेतली. वडिलांच्या हाताखाली ऑर्गन शिकले आणि हौशी मंडळींना साथ करत आले. साथीला रंगमंचाच्या पायाशी बसलं की नटांइतकीच पहिल्या दोन रांगांतली माणसं दिसतात, आणि त्यातली पोरं मी कायम बघत असते. मोठ्यांना वाटतं पोरं पदांना कंटाळतात. तसं नाही, कंटाळतात ती गद्याला. दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलतच राहिली की पाय हलायला लागतात, चप्पल खाली पडते, आईकडं पाणी मागितलं जातं. मी पदाचा सूर धरला की तीच मान परत वर येते. तुझी लेक तर चालीनं ऐकणारी आहे. तिला शब्दार्थ लागत नाही म्हणून तिचं काही अडणार नाही.

तुझ्या नवऱ्याला सांग, आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले संगीत शारदा नाटकात शारदेचं काम करून नावारूपाला आले तेव्हा स्वतः पोरच होते. पोरं हे गाऊ शकत होती, तर ऐकूही शकतात.

आता भीतीचं. पोर नुसत्या अंधाराला घाबरत नाही. अंधारात आवाज कुठून येतोय ते कळत नाही, त्याला घाबरतं. बालनाट्यात बहुतेक वेळा संगीत रेकॉर्ड केलेलं असतं, स्पीकरमधून एकदम गडगडाट, वर धूर, लाल दिवे. संगीत नाटकात आवाजाला धनी असतो आणि तो डोळ्यांसमोर बसलेला असतो. म्हणून तुम्ही अर्धा तास आधी पोचा आणि पडदा उघडायच्या आत तिला पुढं घेऊन या. साथीदार तबला लावत असतील. ठोक्याबरोबर हातोडी कडेनं कशी फिरते ते बघू दे. ऑर्गनच्या खाली तिला वाकू दे. पाय आळीपाळीनं खाली दाबले की भाता चालतो आणि मगच वर पट्टीतून सूर निघतो. मी तर पोरांना एक पट्टी दाबायला देते आणि पाय थांबवते. आवाज बंद. पाय चालू केला की आवाज चालू. एवढं जिनं बघितलं ती नंतर अंधारातसुद्धा माझ्या पायांकडंच बघत बसते. कुठलाही साथीदार असं दाखवायला नाही म्हणणार नाही, फक्त नमस्कार करून विचारायचं.

सौभद्रच का, ते सांगते. त्यात वेशांतर आहे. बलरामदादाला बहिणीचं, सुभद्रेचं, लग्न दुर्योधनाशी लावायचंय. तिला हवाय अर्जुन. कृष्ण आतून बहिणीच्या बाजूचा. मग अर्जुन संन्यासी होऊन येतो, आणि बलराम त्याच्याच पाया पडतो, वर सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो. आता बघ, हे कृष्णाला माहीत, प्रेक्षकांना माहीत, आणि तू आधी गोष्ट सांगितलीस तर तुझ्या लेकीलाही माहीत. एवढ्या मोठ्या गदाधारी माणसाला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, याच्यासारखं सुख त्या वयाला दुसरं नाही. एका प्रयोगात बलराम वाकला आणि पुढच्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "अवो, त्यो अर्जुन हाय!" थिएटर फुटलं. बलरामाचं काम करणारे गृहस्थ तसेच वाकून राहिले, हसू आवरेपर्यंत मान वर केली नाही. माझा पुढचा सूर हातातच राहिला. तेव्हा दादा, ओरडायला संगीत नाटकातही मिळतं. आणि वन्समोअर तर हक्कानं ओरडायचा असतो. तिला तो शब्द आधीच शिकवून ठेव.

गोष्ट रोज झोपताना थोडी थोडी सांग, पण शेवट सांगू नको. लग्न होतं की नाही ते तिथंच कळू दे. पद एखादंच पाठ करून घे. नारदाचं "लग्नाला जातो मी द्वारकापुरा" सोपं आहे आणि लवकर येतं, म्हणजे ओळखीचं माणूस लवकर भेटतं. नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीची प्रार्थना, तीही ऐकव. "पंचतुंड नररुंडमालधर" मूळ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतल नाटकातली, १८८० सालची, पण कित्येक मंडळी कुठलंही संगीत नाटक असो, सुरुवात तिनंच करतात. पोरांना असले दणदणीत शब्द तोंडात घोळवायला फार आवडतात.

बाकीच्या नाटकांचं कुणीतरी विचारेलच, म्हणून लिहून टाकते. संशयकल्लोळ विनोदी म्हणून लोक लहान मुलांना नेतात, ते मला पटत नाही. नवराबायकोचा एकमेकांवर संशय, आणि सगळी गंमत संवादांत. मोठी माणसं हसतात आणि पोर त्यांच्या तोंडाकडं बघत राहतं. मानापमानातला लक्ष्मीधर, तो दागिन्यांनी मढलेला भित्रा, मुलांना आवडतो, पण धैर्यधर-भामिनी या नायक-नायिकेचं मानापमान त्यांच्यासाठी लांबतं. कट्यार काळजात घुसली बारा-तेराव्या वर्षी. घराण्याची विद्या चोरून ऐकावी लागणं म्हणजे काय, ते समजायला थोडं जग बघितलेलं असावं लागतं.

शेवटचं, उठून येण्याबद्दल. कडेच्या खुर्च्या घ्या, आणि ती दमली तर मध्यंतरात खुशाल निघा. १८८२ साली पुण्यात सौभद्र पहिल्यांदा रंगभूमीवर आलं तेव्हा पाचांपैकी तीनच अंक झाले होते, बाकीचे नंतर आले. पहिल्या प्रेक्षकांनीच जे अर्धं बघितलं, ते तुझ्या लेकीनं अर्धं बघितलं तर काय बिघडलं? रडून बाहेर आणण्यापेक्षा "अजून बघायचं होतं" म्हणत बाहेर आलेली बरी.

---

सांगलीचा मामा

काकूंनी सगळं सांगितलंयच. मी प्रवासाचं सांगतो. पाचचा प्रयोग असेल तर कोल्हापुरातून अडीचला निघा, जयसिंगपूरच्या पुढं कधी खोळंबा होईल सांगता येत नाही. पोरीला दुपारी गाडीत झोपू द्या, म्हणजे नाटकात जागी राहील. मध्यंतरात वड्याच्या खिडकीवर झुंबड असते, लहान मूल घेऊन रांगेत राहिलात तर पुढच्या अंकाची सुरुवात हुकते, म्हणून डबा बरोबर ठेवा आणि बाहेर आवारातच खायला घाला. परतताना दहा वाजतील, स्वेटर घ्या.

आणि तिला सांगा की आपण नाटकाच्या गावाला चाललोय. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर, मराठीतलं पहिलं नाटक मानतात ते, केलं ते सांगलीतच.

---

देवल क्लबचा श्रोता

एक सुचवतो. आधी कोल्हापुरातच नाट्यगीतांच्या एखाद्या छोट्या कार्यक्रमाला नेऊन बघा. देवल क्लब या आपल्या गायन संस्थेच्या गोविंदराव टेंबे रंगमंदिरात गाण्याचे कार्यक्रम होत असतात. मानापमानाच्या चाली टेंब्यांच्याच, त्यामुळं जागाही साजेशी. तासभर बसली तर तीन तासांचा विचार करा. मला स्वतःला पाच वर्षं थोडी लवकर वाटतात, पण काकूंसारखा अनुभव माझ्याजवळ नाही.

---

शाहूपुरीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं उत्तर रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंचे डोळे भरून आले आणि हे म्हणाले, "बरं, गाडी मी चालवतो." म्हणजे सौभद्र ठरलं. कालपासून गोष्टही सुरू केलीय. बलराम दुर्योधनाला हो म्हणाला इथपर्यंत आलोय, आणि ती भयंकर चिडलीय. "मी सांगतो त्याला," म्हणते.

दोन शंका. सौभद्रात घटोत्कच सुभद्रेला पळवून नेतो ना? तिच्या चित्रांच्या पुस्तकात त्याचे हे एवढे दात आहेत. तिथं घाबरली तर? आणि खुर्च्या डावीकडच्या घेऊ की उजवीकडच्या, म्हणजे तिला ऑर्गन दिसेल?

---

ऑर्गनवाल्या काकू

घटोत्कचाचं आजच सांगून टाक, ते लपवायचं नाही. तो भीमाचा मुलगा, म्हणजे अर्जुनाचा पुतण्या, घरचाच माणूस. आणि तो येतो तो कृष्णाच्या सांगण्यावरून, सुभद्रेला अर्जुनापाशी पोचवायला. काकूला न्यायला आलाय म्हण. पळवून नेतोय असं सुभद्रेला वाटतं, आपल्याला खरं माहीत असतं. तिथंही तेच गुपित. तरी प्रवेशाला दिवे मंद करतात, तेव्हा तेवढ्यापुरती आजीच्या मांडीवर घ्या. सासूबाईंना त्यासाठी तरी न्यायलाच हवं.

ऑर्गन कुठल्या बाजूला ते मंडळींवर आणि नाट्यगृहावर असतं, म्हणून तिकीट काढतानाच फोनवर विचार, "पेटी-ऑर्गन कुठं मांडणार?" त्याच बाजूच्या कडेच्या खुर्च्या घे, तिसरी किंवा चौथी रांग. अगदी पहिली नको, तिथून मान वर करून करून पोर दमतं आणि तबला कानावर येतो. खुर्ची खोल असते, खाली घालायला घरची उशी ने.

आणि दुर्योधनावर चिडलीय ती तशीच चिडू दे, समजूत घालू नको.