रंगवलेल्या कापडाची गोधडी: सुई जात नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, गोधडी शिवणारे आणि कापड रंगवणारे, दोघांकडूनही सल्ला हवाय.

ठिगळांची गोधडी मला येते. जुन्या सुती साड्यांचे थर, वर ठिगळं, कडेकडेने आत जाणारा धावदोरा. आता छापील तुकडे बाजूला ठेवून पांढऱ्या मांजरपाटावर फॅब्रिक पेंटने मोकळेपणी रंग टाकायचेत. फटकारे, ओघळ, डाग. फुलं-पानं-मोर अजिबात नाहीत. मग ते कापड पट्टी न लावता मनाला येईल तसं कापून जोडायचं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या बघितल्यापासून हे डोक्यात आहे. शेतात वापरून विटलेल्या कपड्यांचे वाकडेतिकडे पट्टे जोडून केलेल्या त्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या होत्या. (त्यांत पेंट नाही, सगळी कापडाचीच करामत. मी फक्त त्यांचा बेधडकपणा उचलतेय.)

उशीच्या अभ्र्याएवढा नमुना केला. दिसायला झकास! पण रंग दाट आहे तिथे कापड पुठ्ठ्यासारखं झालंय. सुई अडते, आणि टाका उसवला की भोक तसंच दिसत राहतं. रंगात पाणी घातलं तर तो हवा तसा पसरतो, पण धुतल्यावर फिका पडतो. हाताने शिवता येईल इतकं मऊ आणि धुण्यात टिकेल असं काही जमतं का? की आधी गोधडी शिवून मग वर रंगवू? भिंतीवर टांगायची नाहीये, पांघरायची आहे.

प्रतिसाद: रंगारी
फॅब्रिक पेंट म्हणजे रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारा अॅक्रिलिकचा चिकट. तो धाग्यांवर थर होऊन बसतो, म्हणून कडकपणा आणि म्हणूनच ती भोकं. पाणी जास्त झालं की चिकट विरळ होतो आणि पूड धुण्यात निघून जाते. पाण्याऐवजी रंगाच्या दुकानात मिळणारं फॅब्रिक मीडियम घाला. रंग पातळ होतो, पकड जात नाही.

मांजरपाट आधी धुतलं होतं का? नव्या कापडाला खळ असते, ती रंगाला आत शिरू देत नाही. रात्रभर भिजवा, गरम पाण्यात साबणाने धुवा. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच शोषला गेला तर खळ गेली. रंग पूर्ण वाळला की उलट्या बाजूने, वाफ न सोडता गरम इस्त्री. पहिली धुलाई दोन-तीन दिवस थांबून, थंड पाण्यात.

प्रतिसाद: वाकळवाली
शिवून मग रंगवू नका हो. रंग खालच्या थरांत झिरपतो आणि जाड गोधडीला इस्त्रीची धग आतपर्यंत नीट लागत नाही.

दाट रंगाचं कापड टाकूनही देऊ नका. त्याच्या कडा सहसा उसवत नाहीत, चिकटाने धागे धरलेले असतात. त्यामुळे कडा न दुमडता तो तुकडा साध्या कापडावर ठेवून कडेने मशीन मारायचं. हाताचा धावदोरा रंग पातळ आहे तिथून फिरवा, दाट डागाला वळसा घाला. त्या वळशांचीच नक्षी होते, तुम्हाला हवी तशी मोकळी. सुई बारीक आणि टोकदार घ्या, अंगुस्तान चढवा. मशीनवर टाका जरा मोठा ठेवा, नाहीतर भोकांच्या रांगेवर कापड फाटतं.

प्रतिसाद: निळी शाई
माझं मत थोडं वेगळं. पांघरायचीच असेल तर मोठे भाग पेंटने करूच नका. थंड पाण्यातले रिॲक्टिव्ह रंग आणि धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) वापरा. हा रंग सुती धाग्याशी रासायनिक बंध करतो, कापड आहे तेवढंच मऊ राहतं. त्यावर शेवटचे चार फटकारे पेंटचे. पूड कालवताना तोंडाला मास्क बांधा आणि भांडी स्वयंपाकातली घेऊ नका. कापड मात्र शुद्ध सुती हवं. शंका असेल तर एक धागा जाळून बघा: सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

आणि एक गंमत. मीडियम घालून पातळ केलेला पारदर्शक पेंट ओला असतानाच कापड कडक उन्हात पसरून वर पानं किंवा कापलेले कागद ठेवा. उघडा भाग आधी वाळतो आणि झाकलेल्या भागातला रंग ओढून घेतो. खाली फिका आकार उमटतो, तोही ब्रश न लावता.

धागाकर्ती
खळीचं लक्षातच आलं नव्हतं, आज भिजत घातलंय. वाकळवाली, दाट तुकडे वर ठेवून शिवायची युक्ती फारच आवडली, नमुन्याचे तेच करते. निळी शाई, रिॲक्टिव्ह रंग पुण्यात सुटे, थोड्या प्रमाणात कुठे मिळतील? आणि सोडा रंगात कालवायचा की कापड आधी सोड्याच्या पाण्यात बुडवून घ्यायचं?