बायोसमध्ये सीएसएम बंद केलं आणि स्क्रीन काळी, पत्रिका अडकल्यात, मदत करा

पत्रिकावाला_मिरज:
नमस्कार मंडळी. माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. पीसी असेंबल केलेला, आय३ ८१००, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. काल रात्री दुकान बंद करताना म्हटलं विंडोज ११ टाकून बघू, तर चेक करायच्या अ‍ॅपने सांगितलं की सिक्युअर बूट (११ ला लागणारी एक सुरक्षेची सेटिंग) नाही. एका व्हिडिओत दाखवलं होतं की बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा बोर्डच्या सेटिंगचा स्क्रीन) जाऊन सीएसएम डिसेबल करा मग सिक्युअर बूट दिसतं, तसं केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं आणि तिथून पुढे काहीच नाही. पंखे फिरतात, लाइट लागते, मॉनिटरवर नो सिग्नल. डिलीट दाबून दाबून बोट दुखलं पण बायोसपण दिसत नाही.
रॅम काढून खोडरबरने घासून लावली. बटण सेल पाच मिनिटं काढून परत लावला. फरक शून्य. आमच्याकडचा रिपेअरवाला फोनवरच म्हणाला बोर्ड गेला, नवीन टाकावा लागेल. परवा एका लग्नाच्या ४०० पत्रिका द्यायच्यात आणि फाइल डी ड्राइव्हला. पार्टी रोज फोन करतेय. काय करू?

कट्टर_टक्स:
लिनक्स टाका, सगळे प्रश्न सुटतील 😄

पेचकस:
वरच्यांकडे लक्ष देऊ नका. बोर्ड गेलेला नाही, सेटिंग बदलल्याच्या पुढच्याच मिनिटाला बोर्ड मरायला तो काय मुहूर्त बघून बसला होता का. तीन गोष्टी सांगा.
१) पीसी चालू करून अर्ध्या मिनिटाने कीबोर्डचं नमलॉक दाबा, लाइट चालू-बंद होते का?
२) मॉनिटरची केबल बोर्डला आहे की वेगळ्या ग्राफिक कार्डला?
३) सेल काढताना मागची पॉवर कॉर्ड काढली होती का?

पत्रिकावाला_मिरज:
नमलॉकची लाइट होते चालू-बंद. केबल कार्डला आहे, कार्ड माझ्या आधीच्या मशीनमधलं, दहा-बारा वर्षं जुनं असेल, असेंबल करणाऱ्याने म्हटलं चांगलं आहे तर लावून टाकू, म्हणून लावलं. कॉर्ड काही काढली नव्हती, पीसी बंद होता की.

पेचकस:
मग मिळालं उत्तर. नमलॉक हलतंय म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम ठणठणीत आहे, तुम्हाला फक्त दिसत नाहीये.
होतं असं की विंडोज चालू होण्याआधी स्क्रीनवर चित्र आणायला कार्डच्या स्वतःच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो. जुन्या कार्डांत तो जुन्या बायोसच्या भाषेत लिहिलेला असतो. सीएसएम म्हणजे नवीन बोर्डात बसवलेला दुभाषी, जुनं ते जुन्या पद्धतीने चालू ठेवणारा. तुम्ही दुभाष्यालाच सुट्टी दिली, आता बोर्ड एक बोलतोय आणि कार्डला ते कळतच नाही. काही बोर्ड अशा वेळी बीप देतात किंवा सीएसएम आपोआप परत चालू करतात, तुमचा करत नाही इतकंच.
आणि कॉर्ड लावलेली असेल तर पीसी बंद असला तरी सप्लायमधून बोर्डला ५ व्होल्ट स्टँडबाय चालू असतात. म्हणून सेल काढूनही सेटिंग तसंच राहिलं.
तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. कॉर्ड काढा, पॉवरचं बटण दोन-चारदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कार्ड पूर्ण बाहेर काढा (नुसती केबल हलवून चालत नाही, कार्ड स्लॉटमध्ये असलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद ठेवतात) आणि मॉनिटर बोर्डच्याच पोर्टला लावा. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाला छोटं लॉक असतं ते आधी दाबा, ओढाताण करू नका.

पत्रिकावाला_मिरज:
पेचकस भाऊ डिस्प्ले आला!!! बोर्डच्या व्हीजीए पोर्टवर निळं प्लास्टिकचं टोपण होतं ते इतकी वर्षं कुणी काढलंच नव्हतं. पण आता काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात येतंय 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. हार्डडिस्क उडाली का? डी ड्राइव्हचं काय?

सीआयडी_दया:
एकदा फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका, विषय संपला

मावशी_आयटीवाली:
अहो फॉरमॅट काय फॉरमॅट, त्यांच्या लोकांच्या पत्रिका आहेत त्यात. पत्रिकावाले, कुणी सांगितलं तरी इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लावू नका आत्ता. डिस्क बायोसमध्ये नावाने दिसते का बघा, दिसत असेल तर डेटा जागेवर आहे.
तुमचा हा दुसरा घोळ, पहिल्याशी संबंध एवढाच की दोन्ही एकाच सेटिंगमुळे झाले. तुमचं विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी रीत) टाकलेलं असणार, आणि सीएसएम बंद असलं की बोर्ड एमबीआरवरचं विंडोज चालू करत नाही. बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट चालू झालं असेल तर बंद करा (काही बोर्डांत तिथे 'ओएस टाइप' असतं, ते 'अदर ओएस' करायचं, नाहीतर सीएसएमला हातच लावू देत नाही), मग सीएसएम एनेबल, सेव्ह. बाकी कशाला हात लावू नका, विशेषतः 'साटा मोड' या सेटिंगला (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते). तो एएचसीआयवरून दुसरीकडे गेला तर निळी स्क्रीन येईल आणि तुम्ही परत इथे याल.

पत्रिकावाला_मिरज:
चालू झालं 🙏🙏 विंडोज उघडलं, डी ड्राइव्ह जसाच्या तसा. मावशी, पेचकस भाऊ, दुकानात या, चहा माझ्याकडून. पत्रिका आत्ता प्रिंटरला लावल्या. आधी पत्रिकेची फाइल पेनड्राइव्हवर घेतली मग दुसरं काम.
आता प्रश्न असा की विंडोज ११ टाकायचंच असेल तर कसं? १० चे अपडेट बंद झाले म्हणतात.

मावशी_आयटीवाली:
१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी नोंदणी केली की सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेव्हा लग्नसराईत नसता उद्योग करू नका. प्रोसेसर तुमचा ११ च्या यादीत बसतो, आठव्या पिढीचा आहे. टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) वेगळं विकत घ्यायला लागत नाही, बायोसमध्ये 'पीटीटी' नावाने असतं ते चालू करायचं.
क्रम मात्र उलटा हवा. आधी बॅकअप, मग विंडोजमध्येच 'एमबीआरटूजीपीटी' कमांडने डिस्क एमबीआरवरून नव्या जीपीटी पद्धतीवर न्यायची आणि त्यानंतरच सीएसएम बंद. तुम्ही शेवटचं काम पहिलं केलंत. ते जुनं कार्डही परत लावायचं नाही. कमांडला आधी 'व्हॅलिडेट' देऊन नुसती तपासणी होते, त्यात काही बदलत नाही. आधी डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, डी-ई भोवती हिरवी चौकट आहे का?

पत्रिकावाला_मिरज:
आहे. सी बाहेर आणि डी, ई, एफ तिन्ही एका हिरव्या चौकटीत. म्हणजे काय?

पेचकस:
म्हणजे असेंबल करणाऱ्याने एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्यात तीन ड्राइव्ह पाडलेत, आपल्याकडे सगळे तसंच करायचे. एक्स्टेंडेड असलं की ती कमांड तपासणीतच नापास करते. १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क घ्या, डी-ई-एफ सगळं त्यावर उतरवा, उघडून फाइली नीट आहेत का बघा, आणि पत्रिका देऊन झाल्या की इथे लिहा, मग पुढचं सांगतो.